टोपलीतला नसलेला फॉन्ट

"तू नेमकं करतेस काय गं?" असं गावात कुणी विचारलं की मेरिन टॅपसेल "कॉम्प्युटरचं काहीतरी" असं म्हणून मोकळी व्हायची. खरं उत्तर द्यायला घेतलं की तिसऱ्या वाक्याला समोरच्याची नजर समुद्राकडे वळते, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. पेंग्विन गावात समुद्र कुठूनही दिसतो, त्यामुळे कंटाळलेल्या माणसाची चांगली सोय होते.

खरं उत्तर असं, की मेरिन लोकांना वेबसाइट करून द्यायची. दातांच्या डॉक्टरची, हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळणाऱ्यांच्या बोल्स क्लबची, कुत्री धुऊन देणाऱ्या बाईची. आणि दर शुक्रवारी सकाळी ती जगभरातल्या काही हजार डिझायनरांना एक पत्र धाडायची. वेबसाइट आणि ॲप सजवणाऱ्या मंडळींसाठी या आठवड्यात नवीन काय आलं, फुकट काय मिळतंय, कशावरून भांडण पेटलंय, ते सगळं दहा कलमांत. पत्राचं नाव 'शुक्रवारची टोपली'.

आधी ती शेजारच्या बर्नी शहरात छापखान्यात पानं लावायची. छापखाना बंद पडला तेव्हा तिची चाळिशी उलटून गेली होती. मग ती वेबसाइटचं शिकायला आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांमध्ये जाऊन बसली. चांगलं काही सापडलं की वर्गातल्या चार-पाच जणांना पाठवायची. त्यांनी आपल्या मित्रांना पाठवलं, मित्रांनी आणखी कुणाला, आणि बघता बघता टोपली ओसंडून वाहायला लागली.

लोक टोपली उघडायचे ते नुसत्या लिंकांसाठी नाही. लिंका काय, कुठेही मिळतात. मेरिन प्रत्येक लिंकेखाली जी दोन वाक्यं खरडायची, त्यांची चटक लागली होती. नव्या आयकॉनच्या संचाखाली ती लिहायची, "चिन्हं भरपूर आहेत, पण निम्मे नुसते बाण. इतकं कुठे जायचंय?" फिकट करड्या अक्षरांची फॅशन आली तेव्हा, "दिसायला फार सुंदर. वाचायचं असेल तर घार पाळा." एका बड्या ॲपने आपल्या चिन्हाचे कोपरे गोल केले आणि जगभर रडारड सुरू झाली, तेव्हा, "कोपरे गेले. अंत्ययात्रा सोमवारी. मंगळवारपर्यंत सगळे विसरतील." आणि खरंच विसरले.

तो गुरुवार मात्र रखरखीत निघाला. नवीन म्हणून जे काही आलं होतं, ते सगळं एकाच जातीचं: एक वाक्य सांगा, आमचं यंत्र तुम्हाला अख्खी वेबसाइट काढून देईल. अशी तीन यंत्रं तिने आधीच यादीत घेतली होती आणि चौथं घ्यायला तिचा हात धजेना. कलमं झाली नऊ. दहावं काही केल्या सापडेना.

"नऊच दे की," नायरी म्हणाली. नायरी म्हणजे तिच्याबरोबर कामासाठी वरच्या मजल्यावरची खोली वाटून घेणारी न्यूझीलंडची बाई. ती ॲप बनवायची आणि दिवसभर मेरिनला टोमणे मारायची. "कोण मोजतंय?"

"सगळे मोजतात. मागे एकदा चुकून अकरा दिली होती, तर आभाराची पत्रं आली. नऊ दिली तर दगड येतील."

"मग आधी खाऊन ये. उपाशीपोटी तुझी जीभ फारच चालते."

दुपारी मेरिन ब्रिमफील्डच्या बेकरीत जाऊन रांगेत उभी राहिली. गुरुवारी तिथे करी घातलेली शिंपल्यांची पाई असते, पिठाच्या जाड सालीत सारण भरून भाजलेली, त्यामुळे रांग दाराबाहेर आलेली. भिंतीवर काळा फळा होता आणि त्यावर ॲथल ब्रिमफील्डने खडूने लिहिलेली दिवसभराची यादी. ॲथल म्हणजे बेकरीचा मालक, सत्तरीचा, डावखुरा, बोलायला कमी. मेरिन हा फळा वर्षानुवर्षं बघत आली होती, पण त्या दिवशी तिने तो पहिल्यांदा नीट पाहिला. अक्षरं जाडजूड, बुडाशी फुगलेली, एकमेकांना खांदा लावून उभी. इंग्रजी 'जी'ची शेपटी तर फांदीला लटकलेल्या पॉसम नावाच्या जनावरासारखी खाली आलेली. मेरिनने खिशातून फोन काढला आणि रांगेतच दहावं कलम लिहून टाकलं:

"ॲथल. खडूच्या वळणाचा नवा फॉन्ट. साल जाड, सारण भरपूर, थोडं बाहेर सांडतंय. डावीकडे झुकतो, पण पडत नाही. गरम असतानाच वापरावा. बँकांनी लांब राहावं."

लिंक दिली नाही. नव्हतीच. वाचणारे हसतील आणि पुढे जातील, असा तिचा हिशोब होता.

शुक्रवारी दुपारपर्यंत पत्रांचा ढीग लागला. सगळ्यांचं म्हणणं एकच: दहाव्याची लिंक चालत नाही. पाठवा. लवकर पाठवा. एकीने तर विनवणी केली होती, सोमवारी ग्राहकाला दाखवायचंय हो. आणि त्या ढिगात युट्रेख्तहून योस्ट नावाच्या गृहस्थांचं पत्र होतं. ते मेरिनने मोठ्याने वाचलं: "ॲथल मी महिनाभर वापरतोय. झकास आहे. फक्त मोठ्या अक्षरांच्या मधली जागा जरा जास्त वाटते."

नायरीच्या नाकातून चहा बाहेर आला.

"महिनाभर!" ती डोळे पुसत म्हणाली. "अगं, तू तो काल रांगेत जन्माला घातलास!"

"मी त्यांना काय उत्तर देऊ?"

"विचार की, कुठून उतरवून घेतलात? आपल्यालाही हवाय."

हा यादी करणाऱ्यांचा धंदा मोठा गमतीचा. याची यादी तो बघतो, त्याची हा बघतो, आणि तपासून कुणीच बघत नाही. सोमवारी ॲथल आणखी दोन पत्रांत झळकला. मंगळवारी एकाने छापलं की तो धंद्यासाठीही फुकट आहे. दुसऱ्याने सांगितलं, बारीक ते जाड अशा सहा वजनांत मिळतो. आठवड्याच्या शेवटी एका मोठ्या साइटने 'डिझायनरांना सर्वांत आवडलेलं' म्हणून जी यादी काढली, तिच्यात ॲथल पहिला.

मेरिन घाबरून टेबलाशी बसली. तिने पुढच्या टोपलीत सरळ लिहून टाकलं: "ॲथल नावाचा फॉन्ट नाही. ॲथल नावाचा बेकर आहे. तो आमच्या पेंग्विन गावात पाई विकतो आणि फळ्यावर छान लिहितो. मी गंमत केली. माफ करा."

कुणीही माफ केलं नाही, कारण कुणाचाही विश्वास बसला नाही. पेंग्विन नावाचं गाव? त्यात ॲथल नावाचा बेकर? वा, काय जाहिरात आहे, असं म्हणून लोकांनी हेही पत्र एकमेकांना पाठवलं. काही चिकाटीच्या मंडळींनी बेकरी शोधून काढली. बेकरीची वेबसाइट मेरिननेच केली होती. तिच्यावर फोन नंबर इतका ठसठशीत होता की अंगठा टेकवला की बेकरीत घंटी वाजावी. या नंबरचा तिला फार अभिमान होता.

बेकरीतला फोन ॲथलची बायको एल्वी घ्यायची.

"मेलबर्नहून बोलतोय. ॲथल बोल्ड मिळेल का?"

"बोल्ड? छे हो," एल्वी म्हणाली, "लाजाळू आहे तो. पाहुणे आले की मागच्या दाराने पळतो."

"मग तिरपा?"

"तिरपा असतो कधीकधी. गुडघ्यामुळे."

एल्वीला पहिले दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी फोन ॲथलने घेतला. पलीकडच्या बाईने त्याला साल जाड, सारण सांडतंय, डावीकडे झुकतो, हे सगळं शब्दशः वाचून दाखवलं आणि वर म्हणाली, "आमच्या ऑफिसात सगळे हसून लोळले!"

सोमवारी मेरिन बेकरीत गेली, तर फळा कोरा. त्याच्या शेजारी एक छापील तक्ता टांगलेला. पिठाच्या कंपनीने कधीतरी फुकट दिला होता तो. त्यावरची अक्षरं सगळी एका उंचीची, एका जाडीची, शाळेच्या गणवेशातली.

"काय देऊ?" ॲथलने विचारलं. एरवी तो तिला 'पोरी' म्हणायचा.

"ॲथल, मला जरा बोलायचं होतं..."

"मागे रांग आहे."

मागे कुणी नव्हतं.

एल्वी तिच्यामागोमाग बाहेर आली. हात एप्रनला पुसत म्हणाली, "मेरिन, मी रागावले नाहीये. पण तुला माहीत असायला हवं. तो शाळेत असताना मास्तर त्याचा डावा हात बाकाला बांधून ठेवायचे. उजव्याने लिहायला लावायचे, फळ्यावर, सगळ्यांसमोर. आणि मग वर्गाला म्हणायचे, बघा, कोंबडी नाचली! तेव्हापासून चारचौघांत लिहायचं नाव नाही. लग्नाच्या वेळी सही करतानासुद्धा घाम फुटला होता त्याला."

"मग हा फळा?"

"माझं मनगट मोडलं त्या वर्षी मीच मागे लागले. कुणीतरी लिहायला हवंच होतं ना. पहिल्या दिवशी दार लावून लिहिलं त्याने. कुणी हसलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दार उघडं ठेवलं." एल्वीने समुद्राकडे पाहिलं, पण कंटाळून नव्हे. "आता त्याला वाटतंय, सगळं जग वर्गात बसून हसतंय."

मेरिनला त्या दिवशी पाई संपेना. तिने अर्धी नायरीला दिली, आणि नायरीने एकही टोमणा न मारता खाल्ली. यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे कळावं.

दुसऱ्या दिवशी बेकरी बंद व्हायच्या वेळेला मेरिन जाऊन दारात उभी राहिली. ॲथल ट्रे धूत होता.

"बंद झालंय."

"माहितेय. मी चुकले, ॲथल. तुम्हाला न विचारता तुमचं नाव वापरलं."

"हसू देत. सवय आहे मला."

"ते माझ्या वाक्यांना हसले. तुमच्या अक्षरांना नाही."

"तेच ते."

"तेच कसं? तुमची अक्षरं त्यांनी बघितलीच नाहीत! मी फोटोही टाकला नव्हता. गावाबाहेरच्या एकाही माणसाने तुमचा 'जी' पाहिलेला नाही."

ॲथलचा हात थांबला. त्याने नळ बंद केला.

"न बघताच मागतायत?"

"हो."

"न बघताच छान म्हणतायत?"

"एक जण तर महिनाभर वापरतोय."

ॲथलने ओला ट्रे बाजूला ठेवला. मग त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण त्या वेगळ्या होत्या. गिऱ्हाइकाने न चाखताच पाईवर सॉस ओतला की पडतात तशा.

"म्हणजे पाई खाल्ली नाही, आणि वाखाणतायत."

"तसंच म्हणा."

"हे मला चालायचं नाही," तो म्हणाला. "आधी खा, मग बोला. चांगलं म्हणा, वाईट म्हणा, पण आधी खा. काय लागतं ते फॉन्टला?"

"सगळी अक्षरं. लहान, मोठी, आकडे, खुणा."

"मी लिहीन. पण एक सांगून ठेवतो, पोरी. तू काही नीटनेटकं करायचं नाहीस."

मेरिनने मान डोलावली. डिझायनर माणसाने असं वचन देणं म्हणजे मांजराने दुधाची राखण करण्यासारखं होतं, पण तिने दिलं.

मग रोज दुपारी बेकरी बंद झाली की दोघांची शाळा भरायला लागली. ॲथल फळ्यावर लिहायचा, मेरिन फोटो काढायची आणि वर खोलीत जाऊन अक्षरांच्या कडा एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवायची. रोजच्या यादीतली अक्षरं झरझर झाली. पण 'क्यू' आला आणि गाडी अडली.

"हे मी कधी लिहिलंच नाही," ॲथल म्हणाला. "क्यूचं मी काही विकत नाही."

"क्विश लिहून बघा."

"क्विश म्हणजे अंड्याची पाई. अंड्याची पाई मी विकतो, आणि तिला अंड्याची पाई म्हणतात."

"अहो, पण बाकीच्या जगाला क्यू लागतो!"

शेवटी त्याने 'ओ' काढून त्याला खाली चिमटा घेतला, करंजीची कड दाबावी तसा, आणि झाला क्यू. ईमेलमधली ती गोल वेढ्याची खूण आली, तेव्हा मात्र त्याला काही सांगावं लागलं नाही. "हा तर दालचिनीचा रोल," म्हणत त्याने एका हाताने गुंडाळून टाकला.

प्रत्येक अक्षर तो तीनतीनदा लिहायचा. मेरिन म्हणाली, "एकच पुरे. कॉम्प्युटर तेच परत परत वापरतो."

"एका घाण्यातल्या तीन पाई कधी सारख्या असतात?"

"नसतात."

"मग अक्षरं कशी असतील?"

मेरिन हसली. पण वर जिना चढताना तिला आठवलं, की हे करता येतं. एकाच अक्षराची तीन रूपं फॉन्टमध्ये भरून ठेवायची आणि ती पाळीपाळीने आली पाहिजेत असं बजावून ठेवायचं. मोठमोठे फॉन्टवाले हे करतात आणि त्याचा गाजावाजाही करतात. ते सगळं शिकायला तिचे पुढचे कितीतरी दिवस गेले, आणि त्या काळात दातांच्या डॉक्टरची वेबसाइट तशीच तोंड उघडून बसली होती.

'के'पाशी तिने वचन मोडलं. त्या 'के'चा खालचा पाय फारच बाहेर आला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडखळवेल असा. तिने तो केसभर आत घेतला. कुणाच्या बापाला कळणार नाही, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी छापून आणलेला कागद ॲथलने चष्मा न लावता हातात धरला.

"हा माझा नाही."

"कुठला?"

"हा. याने पोट आत घेतलंय. फोटो काढताना घेतात तसं."

मेरिन कानापर्यंत लाल झाली. एल्वी कोपऱ्यात ओठ दाबून बसली होती. 'के'चा पाय पुन्हा बाहेर आला आणि बाहेरच राहिला.

शेवटी एका शुक्रवारी टोपलीत दहाव्या जागी तीच वाक्यं पुन्हा आली, पण या वेळी खाली लिंक होती, आणि ती चालत होती. युट्रेख्तच्या योस्टचं पत्र सर्वांत आधी आलं: "नवी आवृत्ती बरी आहे, पण आधीचीच जास्त चांगली होती." नायरीने ते छापून भिंतीवर डकवलं.

बाकीचे मात्र खरंच वापरायला लागले. चिलीतल्या एका पाळणाघराने दारावर लावला. स्कॉटलंडच्या बेटावर भरती-ओहोटीची वेळ सांगणाऱ्या ॲपने घेतला. काहींनी कुरूप म्हटलं, एकाने ओबडधोबड म्हटलं. मेरिन ही वाईट पत्रं लपवायला बघत होती.

"ती पण वाच," ॲथल म्हणायचा. "पाई जळली तर गिऱ्हाइकाने सांगायला नको?"

फिनलंडच्या एका बाईने तक्रार केली, आमच्या अक्षरांवर दोन टिंबं असतात, ती यात नाहीत. ॲथलने खडू उचलला आणि 'ए'वर दोन टिंबं दिली. "दोन मनुके. एवढंच ना?" मग पोलंडवाल्यांना शेपटीची अक्षरं हवी होती, ती झाली. आता कोऱ्या फळ्याचा प्रश्नच उरला नव्हता. सकाळी त्यावर पाई आणि बन असायचे, दुपारी परदेशी अक्षरं. छापील तक्ता एल्वीने मागच्या खोलीत गळणाऱ्या नळाखाली अंथरला.

मग हनोईहून न्गा नावाच्या डिझायनर बाईचं पत्र आलं. तिला हवी असलेली अक्षरं मेरिनने कागदावर काढून आणली. कुणाच्या डोक्यावर टोपी, टोपीवर आणखी एक तिरकी रेघ, कुणाच्या खांद्याला मिशी, पायाशी टिंब. ॲथलने कागद लांब धरला, जवळ धरला.

"एवढं सगळं एका अक्षरावर? ही माणसं खातात तरी काय?"

मेरिनने तसंच लिहून विचारलं. न्गाबाईने मोठ्या आनंदाने उत्तर पाठवलं: लांब कुरकुरीत पाव, त्यात भाजलेलं डुकराचं मांस, लोणच्यातलं गाजर, कोथिंबीर आणि मिरची. कसं भरायचं त्याचा फोटोही जोडला होता.

ॲथलने त्या फोटोकडे अक्षरांपेक्षा जास्त वेळ बघितलं. "पाव मला येतो," तो स्वतःशीच म्हणाला. "लोणचं एल्वी घालेल."

त्या शनिवारी फळ्यावर सगळ्यात वर न्गाबाईच्या पावाचं तिच्या भाषेतलं नाव होतं, त्याच्यावरच्या तिरक्या रेघा, सगळं जिथल्या तिथे. रांगेतला प्रत्येक माणूस मान तिरकी करून वाचायचा प्रयत्न करत होता.

"याचा उच्चार कसा करायचा हो?" बोल्स क्लबच्या सेक्रेटरीने विचारलं.

"लिहिलंय तसा," ॲथल म्हणाला. "एक देऊ की दोन?"